विमानप्रवासाचे माइल्स: कमवायचे कुठे, मोडायचे कधी

एका विमानात एकाच रांगेत तिघं बसले आहेत. अंतर ४,००० मैल. प्रवासानंतर आठवडाभराने पहिल्याच्या खात्यात ४,००० माइल्स (विमान कंपनी सदस्य-प्रवाशांना देते ते गुण) जमा होतात, दुसऱ्याच्या १,००० आणि तिसऱ्याच्या शून्य. तिघांनीही सदस्य क्रमांक नीट दिला होता आणि तिघंही इकॉनॉमीतच बसले होते. तरीही कुठे चूक झालेली नाही. कंपनीच्या नियमांप्रमाणे तिन्ही आकडे बरोबर आहेत.

त्यात गेल्या दहा वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी अंतर मोजणं सोडून दिलं आणि तिकिटाचे पैसे मोजायला सुरुवात केली. दुसरीकडे क्रेडिट कार्डांच्या जाहिरातींत ‘माइल्स कमवा’चा गजर चालूच असतो. खात्यावर काहीतरी जमतंय एवढं सदस्याला दिसतं. ते किती मोलाचं आहे, कधीपर्यंत टिकेल आणि कुठे चालेल, हे बहुतेकांना माहीत नसतं.

## खातं एक, हिशेब दोन

निम्मा गोंधळ इथेच होतो. विमान कंपनीच्या सदस्यत्वात दोन वेगळे आकडे असतात. पहिला आकडा माइल्सचा (काही कंपन्या त्यांना पॉइंट्स म्हणतात). ते खर्च करता येतात: तिकीट, वरच्या वर्गात अपग्रेड, जादा सामान वगैरे. दुसरा आकडा स्टेटसचा. तो खर्च करता येत नाही. एका वर्षात ठरावीक आकडा गाठला की सिल्व्हर, गोल्ड अशी पायरी मिळते आणि तिच्याबरोबर सवलती. वर्ष संपलं की हा आकडा बहुतेक ठिकाणी पुन्हा शून्यावर येतो.

कार्डावर खरेदी करून मिळालेले माइल्स सहसा फक्त पहिल्या खात्यात पडतात. म्हणून खात्यात दोन लाख माइल्स असलेला माणूस चेक-इनच्या लांब रांगेत उभा असतो, आणि जेमतेम दहा हजार माइल्स उरलेला माणूस लाउंजमध्ये बसलेला असतो.

## कंपनी हे देते तरी कशाला?

अमेरिकेत १९७८ साली कायदा बदलला आणि भाडी व मार्ग ठरवण्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं. कंपन्यांमध्ये स्पर्धा पेटली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘एअॅडव्हान्टेज’ ही माइल्सची योजना सुरू केली, आणि काही दिवसांतच युनायटेडचं ‘माइलेज प्लस’ आलं. कल्पना साधी होती. विमानात रिकामी जाणारी सीट कुणाला दिली तर कंपनीला फारसा खर्च येत नाही, पण त्या आशेवर गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. आपलं नेहमीचं गिऱ्हाईक कोण हे शोधायला अमेरिकनने आपल्या आरक्षण यंत्रणेत पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर तपासले होते!

आज मात्र धंदा बदलला आहे. कंपनी माइल्स बँकांना घाऊक भावात विकते आणि बँक ते कार्डधारकांना वाटते. डेल्टा या विमान कंपनीला २०२४ साली अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीकडून ७ अब्ज डॉलरहून जास्त मिळाले. कोरोनाच्या काळात विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपला माइल्स प्रोग्रॅम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज. २०२१ साली अमेरिकन एअरलाइन्सने १० अब्ज.

माइल म्हणजे जत्रेतलं टोकन समजा. खरे पैसे आधीच गल्ल्यात गेलेले असतात, टोकन जत्रेबाहेर चालत नाही, आणि पाळण्याला आज दोन टोकनं लागतील की चार, हे टोकन छापणाराच ठरवतो. जोवर टोकन तुमच्या खिशात आहे, तोवर कंपनीच्या हिशेबात ते देणं म्हणून उभं असतं. तिकिटाला लागणाऱ्या माइल्सचा आकडा वाढवला की ते देणं आपोआप हलकं होतं. म्हणून हे दर वाढतात, आणि पुष्कळदा फारशी आगाऊ सूचना न देता वाढतात.

## भाड्यामागचं एक अक्षर

आता त्या तिघांकडे वळू. इकॉनॉमी हा बसण्याचा वर्ग झाला. त्याच्या पोटात दहा-बारा भाडी असतात आणि प्रत्येकाला इंग्रजी एका अक्षराची खूण असते. हा बुकिंग क्लास. ‘वाय’ म्हणजे जवळपास सगळीकडे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, ‘जे’ बिझनेसची, ‘एफ’ फर्स्टची. मधल्या अक्षरांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. एका कंपनीचं ‘क्यू’ मध्यम भाड्याचं, तर दुसरीचं सर्वांत स्वस्त.

अंतर मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अक्षरापुढे टक्केवारी लिहिलेली असते. पूर्ण भाड्याला १००, स्वस्त भाड्याला ५० किंवा २५, अगदी तळच्या भाड्याला शून्य. बिझनेसला १२५ किंवा १५०, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे ४,००० मैलांचे १०० टक्के ४,०००, २५ टक्के १,०००, आणि तिसऱ्याचं अक्षर तक्त्यात नव्हतंच.

पैसे मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अंतर बाद होतं. डेल्टाने २०१५ मध्ये ही पद्धत आणली तेव्हा साध्या सदस्याला दर डॉलरमागे ५ माइल्स आणि सर्वांत वरच्या स्टेटसला ११ असा दर होता. पण हा गुणाकार तिकिटाच्या पूर्ण रकमेवर होत नाही. सरकारी कर आणि विमानतळाची फी वगळली जाते. ५०० डॉलरच्या तिकिटात १५० डॉलर कर असेल तर ३५० गुणिले ५, म्हणजे १,७५० माइल्स. ज्या मार्गांवर करांचा वाटा मोठा असतो, तिथे हातात पडणारा आकडा फारच किरकोळ वाटतो, तो यामुळे.

हे अक्षर पैसे भरण्याआधी ‘भाड्याचा तपशील’ उघडला की दिसतं, नंतर ई-तिकिटावर छापलेलं असतं. तिसऱ्याच कुठल्या संकेतस्थळावरून तिकीट काढताना ते लपलेलं असेल तर मात्र पंचाईत. अशा वेळी तेच भाडं कंपनीच्या स्वतःच्या साइटवर उघडून अक्षर पाहून घ्यावं.

## ज्या कंपनीने उडायचं, तिच्याच खात्यात जमा करायचं का?

गरज नाही, आणि बऱ्याचदा तोटाच होतो. कंपन्यांचे तीन मोठे गट आहेत, त्यांना अलायन्स म्हणतात: स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००). गटातल्या कोणत्याही कंपनीचा प्रवास गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात जमा करता येतो. एक प्रवास मात्र एकाच खात्यात. दोन्हीकडे मागणी केली तर दुसरी नाकारली जाते.

खातं निवडताना क्रम उलटा लावावा. आधी माइल्स कशावर मोडायचे ते ठरवा, मग त्या तिकिटाला कोणत्या प्रोग्रॅममध्ये किती माइल्स लागतात ते पाहा, आणि शेवटी तुमच्या नेहमीच्या भाड्याचं अक्षर तिथे किती टक्के देतं ते तपासा. एकाच प्रवासाला एक प्रोग्रॅम २५ टक्के देतो आणि त्याच गटातला दुसरा १००, असं सर्रास घडतं. पाच खात्यांत पाच-पाच हजार माइल्स पडून असण्यापेक्षा एका खात्यात पंचवीस हजार असलेले बरे; कारण पाच हजारांत सहसा काहीच येत नाही.

इथे एक खड्डा आहे. तिकीट एका कंपनीच्या क्रमांकाचं आणि विमान भलत्याच कंपनीचं, याला कोडशेअर म्हणतात. माइल्स देताना काही प्रोग्रॅम तिकिटावरचा क्रमांक पाहतात, काही विमान कुणाचं ते. लाउंज आणि जादा सामान या गटाच्या सवलती मात्र विमान चालवणाऱ्या कंपनीवर ठरतात. क्रमांक सिंगापूर एअरलाइन्सचा असला तरी विमान तिच्या स्वस्त भावंडाचं, स्कूटचं, असेल तर स्टार अलायन्सचं गोल्ड कार्ड तिथे चालत नाही, कारण स्कूट त्या गटात नाही. बुकिंग करताना बारीक अक्षरांत लिहिलेली ‘चालवणारी कंपनी’ ही ओळ वाचावीच.

## प्रवास झाला, माइल्स आले नाहीत

सर्वांत नेहमीचं कारण नावातली तफावत. खात्यावर नाव-आडनाव एका क्रमाने आणि तिकिटावर उलट, किंवा मधलं नाव एकीकडे आहे नि दुसरीकडे नाही. यंत्रणा अक्षरन् अक्षर जुळवते. दुसरं कारण: क्रमांक बुकिंगमध्ये घातलेला असतो, पण तिकीट बदललं किंवा विमान रद्द होऊन दुसऱ्यावर बसवलं की तो गळून पडतो. म्हणून बोर्डिंग पास हातात आला की त्यावर आपला क्रमांक छापलाय का ते पाहावं. नसेल तर काउंटरवर किंवा गेटवर तेव्हाच घालून घेता येतो.

तरीही नाही आले तर आठ-दहा दिवस थांबून कंपनीच्या साइटवर मागणी नोंदवायची. त्यासाठी ई-तिकिटाचा १३ आकडी क्रमांक लागतो. सहा अक्षरी पीएनआर पुरत नाही. १३ पैकी पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे: ००१ अमेरिकनचा, ०१६ युनायटेडचा, २२० लुफ्थान्साचा. बोर्डिंग पासचा फोटो माइल्स जमा होईपर्यंत पुसू नये. मुदत बहुधा सहा महिने ते एक वर्ष असते, आणि ती उलटली की कुणी ऐकत नाही.

कंपनीने स्वतःहून तुम्हाला गटाबाहेरच्या विमानात बसवलं असेल, तर मूळ मार्गाचे आणि मूळ अक्षराचे माइल्स मागता येतात. हे आपणहून फार क्वचित मिळतात, मागावे लागतात.

## ‘फुकट’ तिकीट किती फुकट?

माइल्सवर तिकीट काढलं तरी सरकारी कर भरावेच लागतात. त्यांच्या जोडीला काही कंपन्या स्वतःचा अधिभार लावतात. तिकिटाच्या हिशेबात तो ‘वाय क्यू’ किंवा ‘वाय आर’ या खुणेखाली दिसतो, आणि पूर्वी त्याला इंधन अधिभार म्हणत. हा सरकारजमा होत नाही, कंपनीच्याच खिशात जातो. लांबच्या बिझनेस क्लासच्या तिकिटावर तो शेकडो डॉलरांचा असू शकतो. गंमत अशी की त्याच विमानाची तीच सीट एका प्रोग्रॅममधून घेतली तर हा अधिभार लागतो आणि गटातल्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून घेतली तर लागत नाही.

म्हणून मोडण्याआधी एक भागाकार करावा. समजा तिकीट रोखीने २०,००० ला आहे (चलन कोणतंही धरा). तेच माइल्सवर १५,००० माइल्स अधिक ५,००० रोख. वाचले १५,०००. पण रोखीच्या तिकिटावर समजा १,००० माइल्स मिळाले असते, ते आता मिळणार नाहीत. म्हणजे खरा खर्च १६,००० माइल्स. १५,००० भागिले १६,०००, दर माइलमागे ०.९४. असा भागाकार चार-पाच वेगवेगळ्या तिकिटांवर केला की आपल्या प्रोग्रॅमचा साधारण भाव कळतो. त्याहून खाली जाणारं तिकीट रोखीने घ्यावं. भांडी, हेडफोन, भेटकार्ड असल्या वस्तूंवर हा आकडा जवळजवळ नेहमीच रडका निघतो. या भागाकारात एक सापळाही आहे: जे बिझनेस क्लासचं तिकीट तुम्ही रोखीने कधीच घेतलं नसतं, त्याची छापील किंमत धरून आपण फार कमावलं असं मानायचं. वरच्या रकमेच्या जागी आपण खरोखर किती मोजले असते तो आकडा घालावा.

आता सीट मिळण्याचा प्रश्न. ‘विमान रिकामं दिसतंय, तरी माइल्सवर सीट नाही असं कसं?’ ही कायमची तक्रार. कारण या सीटही वेगळ्या अक्षरात ठेवतात. स्टार अलायन्समध्ये इकॉनॉमीसाठी ‘एक्स’, बिझनेससाठी ‘आय’, फर्स्टसाठी ‘ओ’. कंपनीने त्या अक्षरात सीट टाकलीच नसेल तर विमान अर्धं रिकामं असूनही उपयोग नाही. शिवाय काही सीट ती फक्त स्वतःच्या सदस्यांना दाखवते, गटातल्या इतरांना नाही. सीट दिसण्याचे दोन हंगाम असतात: विक्री उघडते तेव्हा, म्हणजे साधारण ३३० ते ३६० दिवस आधी, आणि उड्डाणाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, जेव्हा कोणती सीट विकली जाणार नाही याचा कंपनीला अंदाज आलेला असतो. मधल्या काळात सुट्टीच्या तारखांना शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

स्वतःच्या विमानांसाठी बऱ्याच कंपन्यांनी ठरावीक दरांचा तक्ताच काढून टाकला आहे. डेल्टाने २०१५ मध्ये काढला, युनायटेडने २०१९ मध्ये. तिथे माइल्सचा आकडा रोख भाड्याबरोबर वरखाली होतो. सीट नेहमी मिळते, पण गर्दीच्या दिवशी आकडा पाहून डोळे पांढरे होतात. मोठा फायदा अजूनही भागीदार कंपन्यांच्या तिकिटांवर आणि तक्ता शिल्लक असलेल्या प्रोग्रॅममध्ये सापडतो.

कार्डाचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवणार असाल तर क्रम चुकवू नका. आधी सीट शोधा. ती भागीदार कंपनीची असेल तर शक्य झाल्यास दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमच्या साइटवरही दिसते का ते पाहा, कारण कधी कधी पडद्यावर सीट असते आणि पैसे भरताना गायब होते. पॉइंट्स पोचायला किती वेळ लागतो ते तपासा. कुठे काही मिनिटं, कुठे काही दिवस. मगच वळवा. एकदा वळवलेले पॉइंट्स सहसा परत येत नाहीत.

## पण माइल्स माझेच ना? ते कसे काढून घेतील?

नियमावलीत बहुतेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं की माइल्स ही सदस्याची मालमत्ता नाही आणि कंपनी नियम केव्हाही बदलू शकते. याची कोर्टातली परीक्षाही झाली आहे. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००८ मध्ये वरच्या स्टेटसच्या एका सदस्याचं सदस्यत्व रद्द केलं. तो वारंवार तक्रारी करून भरपाई मागतो आणि प्रोग्रॅमचा गैरफायदा घेतो, असं कंपनीचं म्हणणं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ साली एकमताने निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कंपनी सद्भावनेने वागली नाही, हा त्याचा दावा १९७८ च्या त्याच कायद्याने अडवला.

मुदत संपण्याचे दोन प्रकार असतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर प्रोग्रॅममध्ये माइल्स कमावल्यापासून ३६ महिन्यांनी जातात. खातं कितीही चालू ठेवा. ऑस्ट्रेलियाच्या क्वान्टासमध्ये १८ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर जातात, आणि एखादी छोटीशी नोंद झाली तरी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू होतं. डेल्टाने २०११ मध्ये मुदतच काढून टाकली. पण मुदत नसली तरी दर वाढण्यापासून माइल्स काही वाचत नाहीत. माइल्सवर व्याज मिळत नाही, म्हणून ते म्हातारपणासाठी साठवू नयेत. एका तिकिटापुरते जमले की मोडावेत.

आणि कंपनीच बुडाली तर? दोन उदाहरणं शेजारी ठेवण्याजोगी आहेत. दोन्ही प्रोग्रॅम वेगळ्या कंपन्यांच्या नावावर होते आणि दोन्हींत बहुसंख्य वाटा अबू धाबीच्या एतिहाद या विमान कंपनीचा होता. एअर बर्लिनने ऑगस्ट २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि तिचा ‘टॉपबोनस’ही त्याच महिन्यात दिवाळखोरीत गेला, माइल्स गोठले. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली, पण ‘जेटप्रिव्हिलेज’ पुढे ‘इंटरमाइल्स’ या नावाने चालू राहिला आणि पॉइंट्स टिकले. कुठल्या वाटेने जाईल हे सदस्याला आधी कळायला काही मार्ग नसतो. पगार थकल्याच्या, विमानं परत नेल्याच्या बातम्या येऊ लागल्या की शिल्लक भागीदार कंपनीच्या तिकिटावर मोडून मोकळं व्हावं.

## स्टेटससाठी जादा प्रवास करावा का?

पूर्वी याला अर्थ होता. अंतरावर स्टेटस मिळत असताना स्वस्त, लांबची आणि वळणं घेत जाणारी तिकिटं शोधून लोक गोल्ड गाठत. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून एका पाउंडामागे एक पॉइंट ही पद्धत आणली आणि गोल्डची पातळी २०,००० पॉइंट्स ठेवली. इतका खर्च ज्याचा एरवीच होतो, बहुधा कामाच्या पैशांनी, त्याच्यासाठी स्टेटस आहे. सुट्टीला वर्षातून दोनदा जाणाऱ्याने त्यामागे लागू नये. लाउंज आणि जादा बॅग लागेल तेव्हा विकत घेणं कितीतरी स्वस्त पडतं.

उंबरठ्यावर असाल तर गोष्ट वेगळी. थोडकेच पॉइंट्स कमी असतील आणि पुढच्या वर्षी खरोखर प्रवास ठरलेला असेल तर एखादं जादा तिकीट परवडतं. मात्र वर्ष कोणतं ते पाहा: काही ठिकाणी जानेवारी ते डिसेंबर, काही ठिकाणी सदस्य झालेल्या महिन्यापासून बारा महिने. आणि कुठल्या देशातल्या प्रोग्रॅममधून स्टेटस घेताय याचाही फरक पडतो. युनायटेडमधून स्टार गोल्ड झालेल्याला अमेरिकेतल्या निव्वळ देशांतर्गत प्रवासात युनायटेडचा लाउंज मिळत नाही. गटातल्या परदेशी कंपनीतून गोल्ड झालेला त्याच विमानाला निघाला असेल तर त्याला मिळतो.

## माइल्सच्या तिकिटावर विमान रद्द झालं तर?

फुकटच्या तिकिटाला कसले हक्क, असा समज आहे आणि काउंटरवरही तो कधी कधी ऐकायला मिळतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात, जनतेला न मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्यावर प्रवास करणाऱ्यांना भरपाई नाही. पण त्याच कलमात माइल्स प्रोग्रॅमवरची तिकिटं नियमात येतात असं स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे २५० ते ६०० युरोंची भरपाई तुम्हालाही लागू.

पुन्हा बसवण्याची जबाबदारी मात्र दोघांमध्ये वाटली जाते. प्रवासाच्या दिवशी गोंधळ झाला तर विमानतळावर विमान चालवणाऱ्या कंपनीकडे जायचं. वेळापत्रक काही आठवडे आधी बदललं असेल, तर ज्या प्रोग्रॅमचे माइल्स गेले त्याला फोन करायचा, कारण तिकीट त्याने दिलेलं असतं. फोनवर ‘दुसरी सीट माइल्सच्या अक्षरात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर बदल कंपनीने केलाय हे दाखवून, चालवणाऱ्या कंपनीकडून ती सीट उघडून घ्या असं सांगावं. हे करता येतं, फक्त पहिल्याच फोनवर दर वेळी होत नाही. बदल मान्य झाल्यावर १३ आकडी तिकीट क्रमांक नव्याने निघाला का, किंवा जुन्याच क्रमांकावर नवं विमान चढलं का, ते विचारून घ्यावं. नुसतं बुकिंग बदललं आणि तिकीट तसंच राहिलं, तर चेक-इनच्या वेळी यंत्रणा बोर्डिंग पास देत नाही.